काळ्या पेटीतला दस्त

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रिस्टोरेशन काळातील, म्हणजे १६६० मध्ये राजेशाही परतल्यानंतरच्या काळातील, इंग्रजी सुखात्मिकांवर प्रसिद्ध झालेला लेख वाचला. वायचर्ली आणि कॉन्ग्रीव्ह या त्या काळच्या नाटककारांची नावे मराठी वृत्तपत्रात छापून आली, याचाच आधी आनंद झाला. कारण ही नाटके मी सांगलीजवळच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे शिकवली आणि वर्गाबाहेर त्यांच्याविषयी बोलायला फारसे कोणी भेटले नाही. लेखाचा निष्कर्ष मात्र मला पटला नाही. ही नाटके म्हणजे रिकामटेकड्या दरबारी मंडळींचा छचोरपणा, त्यांतले पुरुष लंपट, बायका कावेबाज आणि लग्न हा निव्वळ थट्टेचा विषय, असे लेखकाचे म्हणणे आहे. त्यांनी फसवणुकीचे प्रसंग एकामागून एक सांगितले, पण कोण कोणाला कशापायी फसवतो याचा हिशेब घातला नाही. तो घालायला बसले की बहुतेक वेळा हाती एखादा कागद लागतो : मिळकतीचा दस्त, लग्नाआधीच्या अटी, नाहीतर नवऱ्याने धाक घालून लिहवून घेतलेली चिठ्ठी. या पत्रात मी त्या कागदांविषयीच लिहिणार आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. १६४२ मध्ये पार्लमेंटने बंद केलेली लंडनची नाटकघरे दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर आल्यानंतर रीतसर उघडली. टॉमस किलिग्रू आणि विल्यम डॅव्हनंट यांना नाटक कंपन्या चालवण्याचा मक्ता मिळाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ‘ऑथेल्लो’मधील डेस्डिमोनाची भूमिका एका अभिनेत्रीने केली. पुढे १६६२ च्या राजाज्ञेने स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्यात असे ठरवून टाकले. तोवर एडवर्ड किनॅस्टनसारखे नट त्या भूमिका करत होते. सॅम्युअल पेपिसने रोजनिशीत या किनॅस्टनला आपण आयुष्यात पाहिलेली सर्वांत देखणी स्त्री म्हटले आहे, आणि आवाज तेवढा बरा नाही अशी पुस्तीही जोडली आहे. बालगंधर्वांच्या आठवणी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकत वाढलेल्यांना यात अचंबा वाटणार नाही; पुस्ती तेवढी आपल्याकडे कोणी जोडली नसती.

आता कायदा, कारण लेखात त्याचा उल्लेखच नाही. इंग्लंडच्या तेव्हाच्या सामान्य कायद्याप्रमाणे (कॉमन लॉ) लग्न लागले की स्त्रीचे वेगळे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरून जाई. तिची रोकड, दागिने, भांडीकुंडी अशी सारी जंगम मिळकत त्याची होई; जमीन तिच्या नावावर राहिली तरी तिचे उत्पन्न तो घेई; तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे की दावा लावता येत नसे. विधवा मात्र आपल्या मिळकतीची मालकीण असे. पुन्हा लग्न करू पाहणाऱ्या शहाण्या विधवेपुढे एक वाट होती, ती म्हणजे लग्नाआधीच मिळकत एखाद्या विश्वस्ताच्या नावे करून ठेवायची. सामान्य कायद्याच्या पलीकडे जाऊन न्यायबुद्धीने निवाडा करणारे चॅन्सरी न्यायालय अशी व्यवस्था मानत असे. एके वर्षी हे समजावून सांगत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, त्यांच्यात स्त्रीधन नव्हतं का?” मी म्हटले की नव्हते, आणि म्हणूनच या नाटकांत इतके वकील, इतके दस्त आणि इतके वेषांतर आहे. लग्न मोडणे तर जवळपास अशक्यच. चर्चची न्यायालये नवरा-बायकोला वेगळे राहण्याची मुभा देत, पण पुन्हा लग्न करायचे तर पार्लमेंटकडून खास कायदा मंजूर करून घ्यावा लागे. १६७० मध्ये लॉर्ड रूस या सरदारासाठी असे विधेयक लॉर्डांच्या सभागृहात आले, तेव्हा खुद्द राजा चर्चा ऐकायला येऊन बसू लागला आणि नाटकाला जाण्यापेक्षा हे बरे आहे असे म्हणाला, अशी नोंद आहे. न्यायालयातून घटस्फोट मिळण्याची सोय झाली ती १८५७ च्या कायद्याने, आणि विवाहित स्त्रीची मिळकत तिचीच राहील हे नीट ठरायला १८८२ साल उजाडले. लेखातल्या “कावेबाज बायका” या चौकटीत उभ्या आहेत, एवढे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

वायचर्लीचे ‘द कंट्री वाइफ’ हे नाटक १६७५ मध्ये ड्रुरी लेनच्या नाटकघरात आले. त्यातला हॉर्नर एका वैदूला हाताशी धरून आपण नपुंसक झाल्याची आवई उठवतो, आणि मग लंडनमधले प्रतिष्ठित नवरे स्वतःहून आपल्या बायका त्याच्या सोबतीला सोडून जातात. लेखात या कथानकाला “किळसवाणे” म्हटले आहे. असेल. पण यात नवऱ्यांना स्वतःच्या सोयीपलीकडे काहीही दिसत नाही, हे मला हॉर्नरच्या क्लृप्तीपेक्षा मोठे वाटते. सर जॅस्पर फिजेटला कामधंद्याला जायचे असते आणि बायकोवर फुकटात पहारेकरी हवा असतो. तो मिळाला की त्याचे डोळे मिटतात. चिनी मातीच्या भांड्यांचा गाजलेला प्रसंग, ज्यात बंद दाराआड बायको हॉर्नरकडची भांडी बघते आहे असे समजून सर जॅस्पर बाहेर उभा राहून हसतो, तोही याच आंधळेपणावर रचलेला आहे.

माझ्या मते या नाटकाचा गाभा मात्र दुसऱ्या एका दृश्यात आहे, ज्याचा लेखात उल्लेखही नाही. पिंचवाइफ हा उतारवयाकडे झुकलेला, बाहेरख्यालीपणात आयुष्य घालवलेला गृहस्थ खेड्यातली मार्जरी नावाची मुलगी लग्न करून आणतो. तिला काही कळत नाही म्हणून ती बिघडणार नाही, हे त्याचे गणित. तिच्यावर हॉर्नरची नजर पडू नये म्हणून तो तिला घरात कोंडतो. तिने बाहेर जायचा हट्ट धरला तेव्हा मुलाचे कपडे घालून बाजारात नेतो आणि तिथे हॉर्नर त्या “मुलाचे” मनसोक्त मुके घेतो. ही हकीकत नवऱ्याला घरी येऊन बायकोच निरागसपणे सांगते. मग तो तिला मेजाशी बसवतो आणि हॉर्नरला तिटकाऱ्याची चिठ्ठी लिहायला लावतो. तिचा हात अडखळतो तेव्हा तो धमकावतो की सांगतो तसे लिही, नाहीतर या चाकूने तुझ्या तोंडावर ‘रांड’ असे लिहीन. तो चाकू म्हणजे बोरूला टोक काढायचा चाकू. लेखणी करायचे हत्यार त्याच्या हातात, लेखणी तिच्या हातात आणि मजकूर त्याचा. नंतर तो लाख आणि मेणबत्ती आणायला आत जातो, आणि तेवढ्या वेळात ती दुसरी चिठ्ठी लिहून पहिलीच्या जागी ठेवते. तीच चिठ्ठी नवरा स्वतःच्या हाताने हॉर्नरला नेऊन देतो.

तीस वर्षांत हे दृश्य मी वर्गात कितीदा वाचले याची गणती नाही. सुरुवातीला हशा पिकतो, चाकूपाशी वर्ग गप्प होतो आणि चिठ्ठी बदलली की मुली टाळ्या वाजवतात. मार्जरीला लबाडी कोणी शिकवली, हा प्रश्न मी दरवर्षी विचारत असे आणि उत्तर दरवर्षी एकच येत असे. हॉर्नरने नव्हे, लंडनच्या नाटकघरांनी नव्हे. कोंडून ठेवणाऱ्याने, वेषांतर करायला लावणाऱ्याने आणि खोटे लिहवून घेणाऱ्याने. पुढे तर पिंचवाइफ, आपली अविवाहित बहीण समजून, बुरख्यातल्या बायकोलाच हॉर्नरच्या घरी पोहोचवून येतो. याच बहिणीच्या लग्नाविषयी बोलताना, उद्या बहिणीबरोबर झोपण्यासाठी पाच हजार पौंड आपल्यालाच द्यायचे आहेत, असे तो कुत्सितपणे म्हणतो. हुंड्याची इतकी उघडी व्याख्या मी दुसऱ्या कुठल्या सुखात्मिकेत वाचलेली नाही.

संशयी नवरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे फाल्गुनराव उभा राहतो, आणि त्याचा इथे संबंध नुसत्या साम्यापुरता नाही. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘संशयकल्लोळ’ रचले ते आर्थर मर्फीच्या १७६१ च्या इंग्रजी नाटकावरून, आणि मर्फीने ते घेतले होते फ्रेंच नाटककार मोलियरच्या १६६० मधील एका छोट्या प्रहसनावरून. वायचर्लीनेही पिंचवाइफ घडवताना मोलियरकडूनच उसनवारी केली आहे. तेव्हा पिंचवाइफ आणि फाल्गुनराव एकमेकांचे चुलतभाऊ लागतात म्हणायला हरकत नाही. फरक आहे तो संशयाच्या फळात. फाल्गुनरावाचा संशय बिनबुडाचा असतो, त्यामुळे शेवटी सगळ्यांना मोकळेपणाने हसता येते. पिंचवाइफचा संशय त्याच्याच उपायांनी खरा होतो. १९१६ च्या ‘संशयकल्लोळ’ला सहकुटुंब जाता येत होते आणि वायचर्लीचे मूळ नाटक अठराव्या शतकाच्या मध्यापासून १९२४ पर्यंत लंडनच्या रंगभूमीवरून गायबच होते, याचे कारण मला तरी चावटपणापेक्षा या फरकात अधिक दिसते. मधल्या काळात डेव्हिड गॅरिक या नटाने १७६६ मध्ये त्याची ‘द कंट्री गर्ल’ ही सोवळी आवृत्ती केली. तिच्यात हॉर्नरही नाही आणि मार्जरी कोणाची बायकोही नाही. म्हणजे नाटक निरुपद्रवी करायचे तर त्यातून लग्नच काढून टाकावे लागले.

कॉन्ग्रीव्हच्या ‘द वे ऑफ द वर्ल्ड’विषयी लेखकाने लिहिले आहे की त्यात मिराबेल आणि मिलामंट या लग्न करू पाहणाऱ्या प्रेमिकांचा “लाडिक अटींचा खेळ” आहे. १७०० मधील हे नाटक, आणि मिलामंट केली होती अ‍ॅन ब्रेसगर्डलने. चौथ्या अंकातले ते दृश्य लाडिक नक्कीच आहे, पण मिलामंट काय काय मागते ते पाहावे. सकाळी हवे तितका वेळ झोपून राहायची मुभा. हवे त्याला पत्र लिहायची, हवे त्याचे पत्र घ्यायची मोकळीक, आणि त्यावर चौकशी किंवा वाकडे तोंड नाही. मन ठीक नसेल तेव्हा कारण न सांगता आपल्या खोलीत एकटीने जेवायची सोय. आणि शेवटी, मी जिथे असेन तिथे यायच्या आधी दार वाजवायचे. एवढे मान्य असेल तर आणखी थोडे दिवस तुला सहन करून मी हळूहळू आक्रसत बायको होऊन जाईन, असे ती म्हणते. लग्नाने बाई आक्रसते, हे तिने एका क्रियापदात सांगितले आहे, आणि मिराबेललाही त्याचा अर्थ पुरता कळतो. त्याच्याही अटी आहेत, पण तुझे आक्रसणे झाल्यावर माझे नवरेपण बेसुमार फुगू नये, असे तो म्हणतो.

त्याच्या अटी वर्गात वाचताना मात्र मुलींचा सूर बदलत असे. तोंडावर रात्रीचे लेप नकोत. चहाच्या मेजावर चहा, कॉफी, चॉकलेट चालेल, मद्ये नकोत. आणि दिवस गेले असताना घट्ट आवळून बांधायचे नाही, नाहीतर माझ्या मुलाचे डोके साखरेच्या सुळक्यासारखे होईल. उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना साखरेचा सुळका (शंकूच्या आकाराची साखरेची ढेप) ठाऊक नसतो, म्हणून मी फळ्यावर त्याचे चित्र काढत असे; एकदा पुढच्या बाकावरची एक मुलगी चित्राकडे न बघता म्हणाली, “मुलाचंच का बाई? मुलीचं डोकं कसंही झालं तर चालेल?” पुस्तकात त्या जागी मी पेन्सिलीने खूण करून ठेवली आहे. तीस वर्षांत ती गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

या गोड करारात एक गोम आहे. तो कुठेही लिहिलेला नाही, आणि कायद्याने त्याला कवडीची किंमत नव्हती. लग्नानंतर मिराबेल दार न वाजवता आत शिरला असता तर मिलामंटला कोणाकडे दाद मागता आली नसती. कॉन्ग्रीव्हला हे पक्के माहीत होते, म्हणून त्याने पाचव्या अंकात खरा दस्त रंगमंचावर आणला. फेनॉल हा मिसेस फेनॉलचा दुसरा नवरा. बायकोच्या मिराबेलशी पूर्वी असलेल्या प्रेमप्रकरणाची बदनामी करीन अशी धमकी देऊन तो तिची उरलेली मिळकत, शिवाय मिलामंटच्या वाट्याचे सहा हजार पौंड, सासू लेडी विशफर्टकडून उकळू पाहतो. त्याच्यापाशी बायकोकडून लिहून घेतलेला कागद आहे. तेवढ्यात मिराबेलचा नोकर एक काळी पेटी घेऊन येतो. तिच्यातल्या दस्ताप्रमाणे विधवा असतानाच, म्हणजे फेनॉलशी लग्न करण्याआधी, तिने आपली सारी स्थावर मिळकत मिराबेलच्या नावे विश्वस्त म्हणून करून ठेवलेली असते. तारीख आधीची, त्यामुळे नवऱ्याचा कागद रद्दी ठरतो. ही जगाची रीत आहे महाराज, जगातल्या विधवांची, असे मिराबेल त्याला ऐकवतो. नाटकाचे शीर्षक या वाक्यात आले आहे, आणि ते विधवांना बहाल केले आहे. लेखात मात्र शीर्षकाचा अर्थ “जग हे असेच वाईट” असा दिला आहे.

या नाटकात सर्वांत चोख फसवणूक केली आहे ती मिसेस फेनॉलने, आणि ती लग्नाच्या आधी, वकिलाच्या सल्ल्याने, कायद्याच्या चौकटीत राहून. तिला कावेबाज म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे, पण मग आज लग्नाआधी आपल्या फ्लॅटचे आणि ठेवींचे कागद नीट करून ठेवणाऱ्या मुलींनाही तेच म्हणावे लागेल.

बाकीच्या नाटकांविषयी घाईने लिहिते. अ‍ॅफ्रा बेन या स्त्री नाटककाराचे नाव लेखात नाही, ही मोठी उणीव आहे. १६७७ च्या ‘द रोव्हर’मध्ये आपले चित्र दाराशी टांगून महिन्याचा दर लावणारी अँजेलिका पुरुषांना खडसावते की तुमच्यापुढे लग्नाचे स्थळ आले की मुलगी गुणी आहे का, शहाणी आहे का, हे तुम्ही विचारत नाही, तिची मिळकत किती ते विचारता, मग माझ्या दराला नाक का मुरडता? व्हॅनब्रूच्या १६९७ मधील ‘द प्रोव्होक्ड वाइफ’मधली लेडी ब्रूट तर थेट राज्यशास्त्रात शिरते. नवऱ्याने प्रेमाने वागवायचे वचन मोडले, तेव्हा माझेही वचन सुटले; राजा आणि प्रजा यांच्यात हा युक्तिवाद चालतो, तर नवरा-बायकोत का नाही? नऊच वर्षांपूर्वी इंग्लंडने दुसऱ्या जेम्सला गादीवरून घालवले होते. सभागृहातल्या एकूण एक पुरुषाला हा टोला कळला असणार. पुढच्याच वर्षी जेरेमी कोलियर या धर्मोपदेशकाने रंगभूमीच्या अनीतीवर ग्रंथ लिहून व्हॅनब्रू आणि कॉन्ग्रीव्ह यांना धारेवर धरले. आपल्या पुरवणीतला लेख त्या ग्रंथाच्या फार पुढे गेलेला नाही, हे काहीशा खेदाने लिहावे लागते.

मात्र या नाटककारांना स्त्रियांचे कैवारी ठरवण्याचाही माझा विचार नाही. पंचावन्न वर्षांच्या लेडी विशफर्टने तोंडाला रंग लावला आणि पुन्हा लग्नाची आशा धरली, याची कॉन्ग्रीव्हने केलेली टिंगल वयाबरोबर मला अधिकाधिक टोचू लागली आहे. ‘द रोव्हर’मध्ये फ्लॉरिंडावर पुन्हा पुन्हा बळजबरीचा प्रयत्न होतो आणि तो विनोदाच्या वाटेनेच जातो, तेही एका स्त्रीच्या लेखणीतून. हॉर्नरला कसलीही शिक्षा होत नाही. आणि मार्जरीचा शेवट? शेवटच्या अंकात हॉर्नरची लबाडी उघडी पडायच्या बेतात असते, तेव्हा त्याच्या नपुंसकपणाविषयीचे खरे ती बोलू पाहते, कारण खोटे कशाला सांगायचे हे तिला अजूनही कळत नाही. सगळे मिळून तिचे तोंड बंद करतात. वैदू साक्ष देतो, बायका आपापली अब्रू वाचवतात, पिंचवाइफ स्वतःपुरते हे सारे खरे मानून घ्यायला तयार होतो, आणि गावाकडून आलेली ती मुलगी “होय” म्हणते. आपल्या मनाने चिठ्ठी बदलून तिने केलेली लबाडी हे पहिले खोटे होते. हे दुसरे खोटे तिच्याकडून सबंध समाज म्हणवून घेतो, आणि ती पिंचवाइफबरोबर त्याच घरी जाते.

मिसेस फेनॉलचेही तसेच. चिडलेला फेनॉल बायकोच्या अंगावर धावून जातो आणि अडवल्यावर बाहेर पडतो. पडदा पडायच्या आधी मिराबेल तो दस्त तिच्या हाती परत देतो आणि म्हणतो, नीट वापरलास तर तुम्हा दोघांना सुखाने एकत्र राहायला याचा उपयोग होईल. ज्या माणसाने तिला एकदा सोडले, त्याच्याच प्रामाणिकपणावर इतकी वर्षे तिची सारी मिळकत अवलंबून होती, याबद्दल कोणी काही बोलत नाही. कागद घेऊन ती ज्या घरी जाणार, तिथे तोच नवरा असणार.

आपली,
इंग्रजी साहित्याची एक निवृत्त अध्यापिका,
सांगली